कोणत्या नंबरचा प्लग देऊ?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी ६२ हजार किलोमीटर झाली आहे. हल्ली सकाळी सुरू व्हायला कुरकुरते आणि घाटात चढावर मधूनच गचके देते. एका फिटरने सांगितलं, 'प्लग काढून पॉलिश पेपरने घासून देतो, नव्यासारखे होतील.' दुसरा म्हणाला, 'इरिडियमचे टाका, पिकअप सुधारेल आणि ॲव्हरेजही वाढेल.' शेवटी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तर तिथला माणूस विचारतो, 'कितव्या नंबरचा देऊ?' प्लगला नंबर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. आता यातलं नेमकं करू काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला भेटलेल्या तिघांपैकी सर्वांत मुद्द्याचं बोलला तो दुकानदार. पण त्याच्या नंबरापर्यंत जाण्याआधी तुमची गाडी घाटातच का गचके देते, ते पाहू. सपाट रस्त्यावर जो प्लग मुकाट्याने काम करतो, तो चढावर का रुसतो हे कळलं की बाकीची उत्तरं आपोआप येतात.

स्पार्क प्लगचं काम एकच. दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात वेळेवर ठिणगी पाडणं. प्लगच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात, एक मधला आणि एक बाजूने वाकून त्याच्या समोर आलेला. दोघांमध्ये साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटरची फट असते, तीच 'गॅप'. बॅटरीच्या १२ व्होल्टना ही फट ओलांडता येत नाही, म्हणून इग्निशन कॉइल तो दाब वाढवून पंधरा-वीस हजार, प्रसंगी तीस हजार व्होल्टपर्यंत नेते. तेव्हा कुठे वीज उडी मारते.

इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक प्लग एकदा पेटतो. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० धरले, तर तुमच्या गाडीच्या एकेका प्लगने आजवर नऊ कोटींहून अधिक ठिणग्या टाकल्या आहेत. प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अगदी सूक्ष्म कण झडतो. नव्या प्लगच्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात. हळूहळू त्या गोलसर होतात आणि गॅपही वाढते. विजेला धारदार कडेवरून उडी मारणं सोपं जातं, गोल कडेवरून अवघड. म्हणजे प्लग जुना झाला की एकाच वेळी दोन अडचणी येतात. उडी लांबते आणि उडी मारायची जागाही बोथट होते. कॉइलला मग जास्त व्होल्ट द्यावे लागतात.

आता घाट. चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं आणि पिस्टन वर आला की तिथला दाब वाढतो. दाब जितका जास्त, तितकं विजेला त्यातून वाट काढणं कठीण. सपाटीवर जेमतेम पुरणारे व्होल्ट इथे कमी पडतात, एखादी ठिणगी पडतच नाही आणि तो सिलिंडर त्या फेऱ्यात फुकट जातो. यालाच गॅरेजमध्ये 'गाडी मिसिंग मारते' म्हणतात. सकाळचं कुरकुरणंही याच घराण्यातलं आहे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे व्होल्ट खाली आलेले असतात, गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि नेमक्या त्याच वेळी थकलेला प्लग जास्त मागत असतो.

यावरून गॅरेजातली एक लाडकी परीक्षा किती कामाची तेही कळेल. प्लग काढायचा, वायरीला जोडायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि 'बघा, करंट येतोय' म्हणून निळी ठिणगी दाखवायची. बाहेरच्या मोकळ्या हवेत दाबच नसतो, तिथे थकलेला प्लगही ठिणगी दाखवतो. परीक्षा घ्यायची तर दाबाखाली घ्यायला हवी, आणि ती घाटाने घेतलीच आहे. शिवाय आजच्या गाड्यांत ही परीक्षा करूच नये. कॉइलचा झटका जबर असतो, जवळ पेट्रोलची वाफ असू शकते आणि ठिणगीला नीट वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं.

पॉलिश पेपरवाला फिटर अगदीच चुकीचं बोलत नाही. तो कार्बोरेटरच्या काळातलं बोलतो आहे. तेव्हा मिश्रणात पेट्रोल बरेचदा जास्त पडे, प्लग काजळी धरत, आणि दर सर्व्हिसिंगला प्लग काढून साफ करणं, फिलर गेज लावून गॅप बसवणं हा नेहमीचा कार्यक्रम असे. घासल्याने कडा थोड्या धारदार होतात, त्यामुळे चार दिवस गाडी खरंच बरी चालते. पण झडलेला धातू काही परत येत नाही. पेपरचे कण प्लगच्या आतल्या खोबणीत अडकले तर पुढे थेट सिलिंडरमध्ये पडतात. तारेचा ब्रश वापरला तर त्याच्या धातूचे ओरखडे पांढऱ्या सिरॅमिकवर उमटतात आणि विजेला गॅप टाळून निसटायला आयती चोरवाट मिळते. साधा प्लग शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळत असताना, ६२ हजार चाललेल्या प्लगवर हा उपचार करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मग इरिडियम? इथे 'महाग म्हणजे जोरकस' असा समज आहे, तो आधी दूर करू. प्लग शक्ती निर्माण करत नाही. शक्ती पेट्रोलमधून येते, प्लग फक्त ते पेटवतो. आणि मिश्रण एकदा नीट पेटलं की ते साध्या प्लगने पेटवलं की भारी प्लगने, याचा हिशेब पिस्टन ठेवत नाही. थकलेले प्लग बदलल्यावर ॲव्हरेज वाढतं हे खरं, पण ती गमावलेल्या पेट्रोलची वसुली असते, नवी कमाई नव्हे. नवे साधे प्लग टाकूनही ती तेवढीच होते.

इरिडियमचा खरा गुण निराळा आहे. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि ते सुमारे अडीच मिलिमीटर जाड ठेवावं लागतं, नाहीतर लवकर झिजेल. निकेल १४५५ अंश सेल्सियसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, तर इरिडियम थेट २४४६ ला. इतका चिवट धातू असल्यामुळे त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवूनही ते टिकतं. टोक बारीक म्हणून विजेची उडी सोपी, उडी सोपी म्हणून कॉइलवर ताण कमी, आणि झीज मंद म्हणून आयुष्य मोठं. साधा निकेलचा प्लग साधारण २० ते ४० हजार किलोमीटर, प्लॅटिनमचा ६० हजारांच्या पुढे, इरिडियमचा लाखाच्या आसपास. म्हणजे जास्तीच्या पैशांत तुम्ही आयुष्य विकत घेता, वेग नव्हे. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायलाच अर्धं इंजिन उघडावं लागतं, तिथे हा सौदा चांगला. तुमच्या गाडीत बॉनेट उचललं की प्लग समोर दिसत असतील आणि कंपनीने साधे प्लग दिले असतील, तर साधेच टाका आणि वेळेवर बदला. कंपनीने मुळातच इरिडियम दिलं असेल तर मात्र पैसे वाचवायला साध्यावर उतरू नका. त्या इंजिनाचं बदलण्याचं वेळापत्रकच लांब आयुष्य धरून आखलेलं असतं.

'कॉपर प्लग' हा आणखी एक फसवा शब्द. तांबं असतं ते मधल्या इलेक्ट्रोडच्या गाभ्यात, उष्णता लवकर वाहून न्यायला. टोक निकेलचंच. आणि हो, तीन-चार बाजूंना इलेक्ट्रोड असलेल्या प्लगमध्ये एका वेळी तीन-चार ठिणग्या पडत नाहीत. ज्या बाजूला वाट सोपी तिकडे एकच पडते. एक बाजू झिजली की ठिणगी दुसरी धरते. तिथेही फायदा आयुष्याचाच.

आता दुकानदाराचा नंबर. हा नंबर सहसा प्लगची 'हीट रेंज' सांगतो, आणि प्लग निवडताना खरी काळजी इथेच घ्यायची असते. पेटलेल्या मिश्रणाचं तापमान दोन हजार अंशांच्याही वर जातं. प्लगचं नाक त्या आगीत बसलेलं असतं. ते ४५०-५०० अंशांपेक्षा गार राहिलं तर त्यावरची काजळी जळून जात नाही, साचत राहते आणि शेवटी प्लग शॉर्ट होतो. उलट ते साडेआठशे-नऊशेच्या वर तापलं तर ठिणगीची वाटही न पाहता मिश्रण त्या लालबुंद टोकावरच अवेळी पेटतं, आणि ते पिस्टनला भोक पाडण्यापर्यंत जाऊ शकतं. या दोन टोकांच्या मध्ये प्लगने राहायचं असतं.

ते साधतं सिरॅमिकच्या नाकाच्या लांबीवर. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं. हा 'हॉट' प्लग. नाक आखूड, रस्ता जवळचा, तो 'कोल्ड' प्लग. हॉट प्लगची ठिणगी जास्त गरम असते किंवा त्याने इंजिन तापतं, असं काही नाही. फरक आहे तो प्लगने स्वतःची उष्णता किती लवकर हेडमध्ये सोडून द्यायची याचा.

खरी गंमत पुढे आहे. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग कोल्ड होत जातो. बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की हॉट होत जातो. जुन्या लोकांना मायकोचे प्लग आठवत असतील. बॉशची ही भारतातली कंपनी १९५१ साली मायको या नावाने सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. त्या आकड्यांवर हात बसलेला माणूस एनजीकेचा खोका उचलतो तेव्हा नेमका उलटा हिशेब करण्याचा धोका असतो. एक उदाहरण घ्या. एनजीकेचा बीपीआर६ईएस, बॉशचा डब्ल्यूआर७डीसी, चॅम्पियनचा आरएन९वायसी आणि डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर-यू हे चारही एकमेकांच्या जागी चालतात. सहा, सात, नऊ आणि वीस! तेव्हा 'सहाचा नाही, सातचा देतो, एकाचाच फरक आहे' असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका.

त्याच बीपीआर६ईएसची अक्षरं उलगडून पाहा. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर. पी म्हणजे सिरॅमिकचं नाक पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. तो नसला तर ठिणगीच्या लहरींनी रेडिओ खरखरतो आणि आजच्या गाडीत कंप्युटरच्या कामातही अडथळा येऊ शकतो. सहा ही हीट रेंज. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ही लांबी चुकली तर काम गंभीर आहे. आखूड प्लग खोल खड्ड्यातून पेटवल्यासारखा पेटवतो, आणि लांब प्लग आत घुसून पिस्टनलाच ठोकर देऊ शकतो. शेवटचा एस हा साध्या तांब्याच्या गाभ्याचा. म्हणून उपाय सरळ आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत प्लगचा पूर्ण नंबर असतो, तो अक्षर न् अक्षर दुकानदाराला दाखवा. माल ओळखीच्या दुकानातूनच घ्या. प्लगचे डुप्लिकेट खोके बाजारात भरपूर आहेत, आणि छपाई पुसट, आटे खरबरीत, इलेक्ट्रोड तिरका असं काही दिसलं तर तिथेच परत करा.

जुने प्लग काढाल तेव्हा लगेच फेकू नका. ज्या क्रमाने सिलिंडर आहेत त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. नाक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आहे, एअर फिल्टर तुंबला आहे किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच्याच फेऱ्या मारते आणि प्लग तापतच नाही. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे ऑईल वर येतं आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील तपासायला हवीत. पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर प्लग फार तापतो आहे. सगळे प्लग एकसारखे बिघडलेले असतील तर कारण साऱ्या इंजिनाला लागू होणारं आहे. एकच वेगळा असेल तर त्या एका सिलिंडरकडे पाहा. बाहेरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूला लागून तपकिरी वलय दिसेल; ते पाहून 'गॅस लीक होतोय' असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा तसं नसतं. उच्च दाबाच्या विजेभोवती हवेतले तेलाचे बारीक कण ओढले जाऊन तिथे चिकटतात, इतकंच.

प्लग घरी बदलणार असाल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग उपसताना आटे निघून येण्याची भीती असते. प्लगभोवतीची धूळ आधी हवेने उडवा, नाहीतर प्लग निघताच ती आत पडेल. एका वेळी एकच काढा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही. आत रबर बसवलेला प्लग पाना वापरा. साध्या पान्याने सिरॅमिकला केसासारखी चीर जाते, जी दिसत नाही पण ठिणगी पळवते. गॅप मोजून पाहायला हरकत नाही, पण इरिडियमच्या टोकाला फिलर गेज टेकवू नका, ते मोडतं.

नवा प्लग बसवताना पान्याला दांडा लावू नका, नुसत्या बोटांनी सुरुवात करा. बरणीचं फिरकीचं झाकण आपण आधी किंचित उलटं फिरवतो, ते टक् करून जागेवर बसतं आणि मग आवळतो, तसंच इथे करा. आटे तिरके पकडले गेले तर पहिल्या वेढ्यातच हाताला कळतं. बोटांनी पूर्ण बसला की मग दांडा. वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग तिथून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश वेढा आवळायचा. टॉर्क रेंच असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडला २५ ते ३० न्यूटन मीटर. वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग मात्र जेमतेम एक सोळांश वेढा. खोक्यावर चित्र असतं, ते पाहा. 'घट्ट म्हणजे चांगलं' हा हिशेब इथे लागत नाही. जास्त आवळला तर हेडचे आटे जातात आणि हेलिकॉइल बसवण्याचा खर्च येतो. सैल ठेवला तर त्याहून गमतीशीर त्रास होतो. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशर यांच्यामार्गेच हेडमध्ये जाते. तिथेच टेकण नसलं, तर अगदी योग्य नंबरचा प्लगही हॉट प्लगसारखा वागतो. आट्यांना ग्रीस लावायची सवय असेल तर मुलामा असलेल्या प्लगला ती नको. ग्रीसमुळे आटे सरकतात आणि तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

आणि बदलायचे तर सगळे एकदम बदला. गचके बरेच दिवस सोसू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खराब झाला की त्या बिलात प्लगचे कित्येक संच आले असते. नवे प्लग टाकूनही गचके राहिले, तर मग कॉइल तपासायला सांगा.

प्रश्न : माझ्या जुन्या होंडा सिटीला गॅरेजवाल्याने आठ प्लगचं बिल लावलं. इंजिन तर चार सिलिंडरचं आहे. फसवणूक ना?

उत्तर : गाडी आय-डीएसआय इंजिनाची असेल तर नाही. त्या इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग आहेत, एकूण आठच. दोन ठिकाणांहून आग लागली की ती सिलिंडरभर लवकर पसरते. आपल्या आकुर्डीच्या बजाजने हीच युक्ती २००३ साली पल्सरच्या एका सिलिंडरमध्ये दोन प्लग बसवून रस्त्यावर आणली. तुमच्या गाडीत शंका घ्यायचीच असेल तर वेगळी घ्या. मागच्या बाजूचे चार प्लग काढायला अडचणीचे आहेत, त्यामुळे आठांचं बिल करून पुढचे चारच बदललेले नाहीत ना, हे पाहा. जुने आठही प्लग परत मागा.

प्रश्न : पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी चालते, सीएनजीवर टाकली की मिसिंग. सीएनजी किट खराब आहे का?

उत्तर : किटवर आळ घेण्याआधी प्लग पाहा. नैसर्गिक वायूच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे थकलेल्या प्लगची लबाडी सीएनजीवर आधी उघडी पडते. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त झीजही, म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर बदलावे लागतात. अनेक गाड्यांत सीएनजीसाठी गॅपही थोडी कमी ठेवायला सांगितलेली असते. तुमच्या पुस्तिकेत पाहा, अंदाजाने वाकवू नका.

प्रश्न : डिझेल गाडीचे स्पार्क प्लग किती किलोमीटरनंतर बदलावेत?

उत्तर : कधीच नाही, कारण ते नसतातच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. तुमच्या इंजिनात प्लगसारखं जे दिसतं ते ग्लो प्लग, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हीटर प्लग. गार इंजिन सुरू करताना ते आतली जागा तापवतात. डॅशबोर्डवर पिवळं वेटोळं उजळतं ते त्यांचंच. एखादा जळला तर थंडीत गाडी उशिरा सुरू होते आणि पांढरा धूर सोडते. तेव्हा तो जरूर बदला. पण डिझेल गाडीच्या बिलावर 'स्पार्क प्लग ४ नग' असं लिहिलेलं असेल, तर पैसे देण्याआधी ते चार नग डोळ्यांनी पाहून घ्या.